नावाच्या जागी टिंबं

माझ्या फोनमध्ये माझ्या नवऱ्याचं नाव नाही. तिथे ‘हे’ असं लिहिलेलं आहे. नातीने फोन घेऊन दिला, सगळ्यांचे नंबर भरले आणि विचारलं, “आजी, आबांचं काय लिहू?” मी म्हटलं, “हे.” तिने तसंच लिहिलं. नवऱ्याला नावाने हाक मारायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि या वयात नव्याने सुरू करून उपयोगही नाही. त्यांना निम्मं ऐकू येत नाही. नाव घ्यायचं ते उखाण्यात. मंगळागौर असो, हळदीकुंकू असो, कुणाचं लग्न असो, बायका अडून बसायच्या आणि मी दोन ओळींत नाव घ्यायची.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. गाणं येत नाही, रांगोळी ठीक, स्वयंपाक चारचौघींसारखा. उखाणा मात्र मला यायचा. पाठ केलेला नाही, स्वतः जुळवलेला. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला म्हटलेला हा:

दुसरी पाळी सुटली की सायकल आणतात उचलून,
…रावांचं नाव घेते सासूबाईंची झोप सांभाळून.

हे तेव्हा कारखान्यात टर्नर होते. दुसरी पाळी करून आले की बोळाच्या तोंडापासून सायकल उचलून आणायचे, कारण मागचं चाक खडखडायचं आणि त्यांच्या आईला जाग यायची. ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. सासूबाईंना तर नाहीच, त्या झोपलेल्या असायच्या. उखाणा ऐकून त्या तिळगुळाची वाटी हातात तशीच धरून बसल्या आणि म्हणाल्या, “मला आपलं वाटायचं, माझीच झोप गाढ.” बायका इतक्या हसल्या की शेजारची माणसं बघायला आली.

वर नावाच्या जागी मीही टिंबं दिली आहेत. लिहायला हात धजत नाही. पुढचं सगळं रामायण त्या टिंबांवरूनच झालं, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

त्या संक्रांतीनंतर मुली माझ्याकडे यायला लागल्या. लग्न ठरलं की एक चक्कर माझ्याकडे. माझी पद्धत ठरलेली. चहा टाकायचा, समोर बसवायचं आणि म्हणायचं, “त्याचं असं एक काहीतरी सांग, जे त्याच्या आईलाही माहीत नसेल.” मुली आधी लाजायच्या, मग “स्वभाव चांगला आहे” असलं काहीतरी सांगायच्या. मी म्हणायची, “स्वभाव राशनच्या दुकानातल्या माणसाचाही चांगला आहे. पुढे बोल.” मग हळूहळू निघायचं. कुणी आंघोळीला गेला की हिशोब बोलतो, कुणी जेवताना शेवटचा घास डाव्या बाजूला राखून ठेवतो. त्यातून मी दोन ओळी काढून द्यायची. तो उखाणा त्या एका मुलीचा आणि त्या एकाच माणसाचा. दुसऱ्या कुणाला बसायचा नाही. तसा बसला असता तर मी तो मोडून टाकला असता.

माझी धाकटी जाऊ घरात आली ती बी.कॉम. होऊन. विमा कंपनीत नोकरी, पहिल्या तारखेला पगार, पायात आवाज करणाऱ्या चपला. सासूबाई तिला दमून आली म्हणून पाणी द्यायच्या. मी दिवसभर घरात होते, म्हणजे दमण्यासारखं काही केलं नव्हतं. बँकेचा कागद आला की तिच्याकडे, शाळेतून चिठ्ठी आली की तिच्याकडे. मी काही बोलले नाही, कारण हळदीकुंकवाच्या दिवशी हिशोब फिटायचा. उखाण्याची वेळ आली की ती पुस्तकातलं काहीतरी घाईघाईने म्हणून टाकायची आणि सगळ्या जणी माझ्याकडे वळायच्या. वर्षातून चार-पाच वेळा मी तिच्यापेक्षा मोठी व्हायची. मला तेवढं पुरायचं.

मग घरं वेगळी झाली. आम्ही कर्वेनगरात, ती वारज्यात. काही वर्षांपूर्वी माझा दीर गेला. जाऊ निवृत्त झाली. तिचा मुलगा परदेशात. ती एकटीच राहते आणि नीट राहते.

पुढची गोष्ट आमच्या भिशीतली. चहा झाला, चिठ्ठी निघाली, आणि एक बाई फोन पुढे करून म्हणाली, “ह्या तुमच्यातल्या ना हो? तोंडवळा ओळखीचा वाटतो.” फोनवर माझी जाऊ. वारज्याच्या गॅलरीत, मागे कढीपत्त्याची कुंडी, अंगावर साधी सुती साडी. कॅमेऱ्याकडे बघून म्हणत होती:

मोबाइलला हवं चार्जिंग, चहाला हवं आलं,
…रावांचं नाव घ्यायला निमित्त आज झालं.

नावाच्या जागी ती थांबायची, बोट उचलायची, आणि खाली पडद्यावर टिंबं यायची. ज्याने त्याने आपापला नवरा तिथे बसवायचा. भिशीतल्या सगळ्या जणींनी एकेक नवरा बसवून बघितला. सगळे बसले.

“किती छान सुचतं हो यांना,” ती बाई म्हणाली. “मला कालच दिसलं. लगेच माझ्या बहिणीलाही दाखवलं.”

मी म्हटलं, “आलं महाग आहे सध्या.”

घरी येऊन मी नातीला तो व्हिडिओ शोधून द्यायला लावला. तो निघाला, त्याखाली दुसरा निघाला, तिसरा निघाला. डोहाळजेवणाचे वेगळे, बारशाचे वेगळे, सत्यनारायणाचे वेगळे. किती लोकांनी बघितलं तो आकडा खाली होता, दोन-तीनशेचा; माझ्या हळदीकुंकवाला कधी तीस बायकाही नसायच्या. नातीने वाचून दाखवला. मी पुन्हा वाचायला लावला, तेव्हा ती म्हणाली, “आजी, दोनदा वाचला म्हणून कमी होणार नाही तो.”

त्या दिवसापासून मला ते व्यसनच लागलं. दुपारची भांडी आवरली की मी फोन घेऊन बसायची आणि जावेचे उखाणे बघायची. आवडीने नाही, चुका काढायला. इथे यमक ओढून आणलंय, इथे मात्रा जास्त, इथे हिने साखर नको तिथे घातली. चूक सापडली की पुन्हा एकदा बघायचं, खात्री करायला. आणि एकटीने चूक बघून काय उपयोग, म्हणून मी ते इतरांनाही पाठवायला लागले. माहेरचा गट, भिशीचा गट, यांच्या कारखान्यातल्या जुन्या लोकांच्या बायकांचा गट, सोसायटीतल्या बायकांचा गट. तो चार्जिंगचा उखाणा पाठवताना मी वर एक ओळ लिहिली. मला टाइप करायला वेळ लागतो, पण ती एका दमात आली:

‘लग्नात हे म्हणाल तर सासू दारातूनच परत पाठवेल.’

कुणी हसल्याची चित्रं पाठवली, कुणी अंगठा. मला बरं वाटलं. पुढच्या उखाण्यावरही मी तीच ओळ चिकटवली.

याच सुमाराला नातीचं लग्न ठरलं. मुलगा वाघोलीचा, दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत. घरात सगळ्यांना हॉल, दागिने, जेवण यांची काळजी होती. मला एकच होती. घास भरवताना ही उखाणा कुणाचा घेणार? परक्यांच्या मुलींना मी इतकी वर्षं उखाणे दिले. घरची नात भर मांडवात कुणाच्या ओळी म्हणते, ते सगळा गोतावळा ऐकणार होता. जाऊही ऐकणार होती. मुख्य म्हणजे जाऊ ऐकणार होती.

मी वाट बघितली की ती आपण होऊन येईल. ती आली नाही. शेवटी मीच चहा टाकला.

“बस इथे. त्याचं एक काहीतरी सांग.”

“आजी, आत्ता? मला कॉल आहे.”

“कॉल थांबेल. लग्न ठरलंय त्याच्याशी, कॉलशी नाही.”

ती हसली आणि बसली. जरा विचार करून म्हणाली, “तो ना, मला गाडीवर बसवायच्या आधी मागची सीट पुसतो. रुमालाने. त्यांच्याकडे रस्त्याची कामं चालूच असतात, सगळी धूळ. त्याला वाटतं मला दिसत नाही.”

हे चांगलं होतं. मी दुसऱ्या दिवशी तिला लिहून दिलं:

वाघोलीच्या रस्त्यावर धूळ उडते फार,
मागची सीट पुसून मग …राव होतात स्वार.

तिने वाचलं. आवडलं असं म्हणाली. मग म्हणाली, “पण आजी, हॉलमध्ये हे कुणाला कळणार? सगळे रेकॉर्ड करणार. सगळ्यांना पटकन हसू येईल असं काहीतरी हवं ना. छोटीआजीचा तो चार्जिंगवाला सगळ्यांना पाठ आहे.”

छोटीआजी म्हणजे माझी जाऊ. मी कप उचलून आत गेले.

त्याच रविवारी मला आणखी एक गोष्ट कळली. माझी सून, म्हणजे नातीची आई, एका कंपनीत आहे. तिचं काम असं, की कंपनी इंटरनेटवर जे काही टाकते ते लोकांना सापडलं पाहिजे, त्यांनी ते उघडलं पाहिजे आणि पुढे पाठवलं पाहिजे. यासाठी पगार मिळतो हे मला बरेच दिवस पटलं नव्हतं. तर त्या रविवारी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि मी शेंगा सोलत होते. पडद्यावर कढीपत्त्याची कुंडी दिसली.

“हे काय?”

सून म्हणाली, “काकूंचं पेज. मीच बघते ना.”

“तू?”

“हो आई. त्या निवृत्त झाल्या तेव्हा म्हणाल्या, वेळ जात नाही. मी सुरू करून दिलं. त्या व्हिडिओ पाठवतात, मी कापते, खाली शब्द घालते, वेळ लावते. सकाळी डबे झाले की बायका चहा घेऊन बसतात, तेव्हा टाकायचं.”

मी शेंगा तशाच ठेवल्या. माझी सून. माझ्या घरात, माझ्या टेबलावर. आणि मोठं केलं कुणाला?

“मला नाही विचारलंस ते.”

“विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, फोनपुढे तोंड वेंगाडायला मी काय तमाशातली आहे का.”

म्हणाले असेन. मला आठवत नाही, पण वाक्य माझंच वाटतं.

“आता विचार,” मी म्हटलं.

सून चांगली आहे. तिने तिथल्या तिथे पंखा बंद केला, खुर्ची खिडकीपाशी घेतली, मला बसवलं. मी सायकलचा उखाणा म्हटला नाही, तो माझा आहे. दुसरा म्हटला, जेवताना शेवटचा घास राखून ठेवणाऱ्याचा. ती मुलगी आता आजी झाली असेल. आधी ती मुलगी कुठली, तो मुलगा कसा, हे सांगितलं, कारण त्याशिवाय उखाण्यात मजा नाही. मग उखाणा म्हटला. नाव खऱ्या नवऱ्याचंच घेतलं.

सुनेने बघितलं आणि म्हणाली, “आई, सुरुवातीचं काढूया का? लोक थांबत नाहीत हो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत जातात.”

“कुठे जातात?”

“दुसऱ्या व्हिडिओकडे.”

“मग त्यांच्यासाठी नाहीच आहे हा. काढायचं नाही.”

“आणि नाव? नावाच्या जागी टिंबं घालू का?”

“अजिबात नाही. तो घास त्या माणसाचा आहे.”

तिने तसंच टाकलं. आठवडाभर मी रोज बघायला लावत होते. बघणारे घरचेच होते. माझ्या भावाने ‘छान’ लिहिलं होतं. यांनी दोनदा बघितला होता, एकदा चुकून. आणि कुणा अनोळखी बाईने लिहिलं होतं, ‘आजी, सोपा सांगा ना.’

सून मला समजावत होती. “लोक काय शोधतात ते आम्हाला दिसतं. सोपे उखाणे शोधतात. छोटे उखाणे. लग्नातले नवीन उखाणे. शेवटचा घास राखून ठेवणाऱ्या माणसाचा उखाणा कुणी शोधत नाही, आई. असा असतो हेच त्यांना माहीत नाही, तर शोधणार कसे?”

“मग तुझ्या काकूचं कसं पसरलं एवढं? तिला कुठे काय येतं?”

सुनेने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “खरं सांगू? काकूंचं आधी काहीच चालत नव्हतं. बरेच महिने नुसते ओळखीचे लोक आणि त्यांच्या ओळखीचे. मग अचानक तो चार्जिंगचा उखाणा सुटला. बघितलं तर सगळा व्हॉट्सअ‍ॅपवरून, आणि सुरुवात आपल्याच भागातून. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडेही तो तिच्या सोलापूरच्या मावशीकडून आला. वर एक ओळ होती.”

तिने फोनवर दाखवली. ‘लग्नात हे म्हणाल तर सासू दारातूनच परत पाठवेल.’

“लोक ही ओळ वाचून उघडतात. असं काय वाईट आहे ते बघायला. मग हसतात, मग पुढे पाठवतात, ओळीसकट. आम्ही ऑफिसात अशी एक ओळ सुचावी म्हणून दिवसभर मीटिंगा घेतो.” तिने फोन खाली ठेवला. “ही तुम्हीच लिहिली ना? गटावर मी तेव्हाच वाचली होती.”

“तिला सांगितलंस?”

“नाही.”

“आणि मी रोज बघते त्याचं?”

“तेही मोजलं जातं. कुणी सारखं बघतंय म्हटल्यावर ते अ‍ॅपवाले आजूबाजूच्या लोकांनाही दाखवायला लागतात. ते आवडीने बघतंय की रागाने, हे त्यांना कळत नाही.”

म्हणजे मी दुपारी चुका काढत होते आणि तिचा आकडा वाढवत होते. मला कुणी पैसे देऊन हे काम करायला सांगितलं असतं तरी इतक्या निष्ठेने केलं नसतं. हे कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी नेमकं एवढंच ऐकलं. म्हणाले, “म्हणजे तूच ना तिची एजंट.” मी म्हटलं, “तुम्हाला ऐकू येत नाही ना? मग नका ऐकू.”

रागाच्या भरात मी सुनेला म्हटलं, “पण उखाणा म्हणजे नाव घेणं. ही नाव घ्यायच्या जागी टिंबं टाकते. आळशीपणा नुसता.”

सून शेंगा सोलायला लागली होती. मान वर न करता म्हणाली, “आई, त्या कुणाचं नाव घालणार तिथे?”

दीर गेल्यापासून हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नाही. आम्हीही बोलावलं नव्हतं, रीत नाही म्हणून. उखाणा घ्या असं तिला आता कुठलीच बाई म्हणणार नाही. हे मला माहीत होतं आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वाईट वाटलं. पण हेवा गेला असं काही झालं नाही. वाईट वाटणं एका जागी होतं आणि आकडा दुसऱ्या जागी, दोघांनी एकमेकांना अजिबात धक्का लावला नाही. मी व्हिडिओ बघायचे मात्र बंद केले. पुढे पाठवायचेही. उपयोग नव्हता, माझ्यावाचून ते आता फिरत होते. नातीच्या हातावर मेंदी काढायला आलेली पोरगीसुद्धा मान खाली घालून तोच चार्जिंगचा उखाणा गुणगुणत होती.

लग्न कर्वेनगरातल्याच कार्यालयात झालं. अक्षता पडल्या, पंगत बसली, चांदीच्या ताटाभोवती रांगोळी काढली. नवरीने जिलबीचा तुकडा उचलला आणि सगळीकडून फोन वर झाले. मी समोरच बसले होते. नातीने माझ्याकडे बघितलं. मला अजून आशा होती, हे लिहायला आता काही वाटत नाही. मग तिने आवाज चढवला:

“मोबाइलला हवं चार्जिंग…”

आणि अख्खा हॉल तिच्याबरोबर म्हणायला लागला. चहाला हवं आलं. बायका, पोरं, नवऱ्या मुलाचे मित्र, वाढपीसुद्धा. नावाच्या जागी सगळे एकदम थांबले, तिने एकटीने नाव घेतलं, आणि मग पुन्हा सगळा हॉल, निमित्त आज झालं. टाळ्या थांबेनात. माझे सगळे गट तिथे हजर होते. माहेरचे होते, भिशीतल्या होत्या, कारखान्यातल्या जुन्या लोकांच्या बायका होत्या. त्यांना तो मीच पाठ करून दिला होता.

कुणीतरी ओरडलं, “ज्यांचा उखाणा त्या कुठायत?” जाऊ मागच्या खुर्चीवर बसली होती. तरुण मुली तिला हाताला धरून घेऊन आल्या, तिच्याबरोबर फोटो काढले. एक म्हणाली, “काकू, माझं डिसेंबरमध्ये आहे, एक नवीन द्या ना.” जाऊ हसत होती. दीर गेल्यापासून मी तिला इतक्या बायकांच्या मधोमध बघितलं नव्हतं. सगळ्यांना ते बघून बरं वाटत होतं. मी जिलबी खात होते, आणि ती तोंडात पुठ्ठ्यासारखी लागत होती.

जेवण झाल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली, आईस्क्रीमची वाटी घेऊन.

“वहिनी, ती सासूची ओळ तुमची ना?”

“कशावरून?”

“इतकं वाईट आणि इतकं थोडक्यात आपल्या घरात दुसरं कुणाला जमतं?”

“मग खाली माझं नाव टाकायचंस.”

“शिवी मला दिलीत, ती मी माझ्या पेजवर मिरवली. आता नावही मीच टाकू?” तिने आईस्क्रीम खाल्लं. मग म्हणाली, “तुमचा सायकलचा टाकू का? मला अजून पाठ आहे. टिंबं घालून टाकेन, तुमचं नाव खाली देईन.”

माझं नाव. इतक्या लोकांपुढे. खोटं कशाला बोलू, मी विचार केला. मान हलवायच्या बेतात होते. मग डोळ्यांपुढे आलं, कुठल्या कुठल्या बायका टिंबांत आपापला नवरा बसवतायत, आणि तो माणूस आयुष्यात कधी सायकलवर बसलेलाही नाही.

“नाही टाकायचा.”

“बघा हं.”

“बघितलं. त्या सायकलवर दुसरं कुणी बसायचं नाही.”

“राहू दे मग तुमच्याकडे,” ती म्हणाली, आणि वाटी ठेवायला उठली. तिच्याकडे डिसेंबरवाली मुलगी वाट बघत होती.

नात सासरहून पहिल्यांदा राहायला आली ती चार दिवसांनी. चहा घेताना म्हणाली, “आजी, वाघोलीला दारात नणंदेने अडवलं, तिथे मी तुझा म्हटला.”

“कुठला माझा?”

“सीट पुसण्याचा. उंबऱ्यावर माप होतं, सगळे दमलेले. मी म्हटला तर सासूबाई त्याच्याकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, ‘म्हणून याचे रुमाल इतके काळे निघतात होय? मी धुऊन दमले.’ तो इतका लाजला ना, आजी.”

“कितीजणी होत्या?”

“चार-पाच.”

“कुणी रेकॉर्ड केला?”

“नाही गं. एकीच्या हातात ओवाळायचं ताट, एकीच्या हातात पाण्याचा तांब्या. फोन कुणाच्या हातात असणार?”

सून म्हणाली, “बघा आई. खरा तिथेच शोभला.” हेही म्हणाले, नातीने मान राखला. सगळ्यांनी मिळून मला समजावलं की दारातला उखाणा हाच खरा, हॉलमधला काय, चार लोकांना दाखवायला.

मला तोच हवा होता, चार लोकांना दाखवायचा. वाघोलीच्या त्या बायकांनी ऐकला, हसल्या, आणि संपलं. तो कुणाला शोधून सापडणार नाही. मी नातीला म्हटलं, “बरं केलंस,” आणि तिला अजून थोडे पोहे वाढले. तिचा काही दोष नाही. दोन उखाणे होते, तिने ज्याच्या त्याच्या जागी वापरले. तिला व्यवहार कळतो.

आता जावेच्या पेजवर नातीच्या लग्नातला तो व्हिडिओ सगळ्यात वर आहे. त्यात एका बाजूला मीही दिसते, तोंडात जिलबी. सून सांगते, तिचे सगळे जुने आकडे त्याने मागे टाकले. मी शब्दाला पक्की आहे, मी बघत नाही. हे बघतात. त्यांच्या फोनवर. दुपारी भांडी आवरली की मी शेंगा नाहीतर तांदूळ घेऊन त्यांच्या शेजारी बसते आणि म्हणते, “अहो, आज काय नवीन टाकलंय का तिने?” त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते मोठ्या आवाजात लावतात. मला निवडता निवडता सगळं ऐकू येतं. काल तिने आकाशकंदिलावर केला होता. यमक चुकलं होतं.

“पुन्हा लावा,” मी म्हटलं.

मोजलं जाईल ते त्यांच्या नावावर.